लष्करच्या वाड्यातून सिटी सेंटरच्या गॅलरीत : आपल्या तुळशीचा प्रवास

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आपण सगळेच बाजारातून पत्रीची जुडी आणतो. आघाडा, शमी, बेल, रुई, धोतरा, डोरली, मरवा, जाई असे करत एकवीस पाने मोजायची असतात. जुडीत काही पाने नावाप्रमाणे असतात आणि काही विकणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. पण एक पान आपण बाजारातून घेत नाही. ते घरचेच खुडतो. ते तुळशीचे.

त्यातही गंमत अशी, की गणपतीला वर्षभर तुळस वाहत नाहीत. पुराणातली शापाची कथा सर्वांना ठाऊक आहे. फक्त भाद्रपद चतुर्थीला, एकवीस पत्रींमध्ये, तुळशीला त्याच्या पायाशी जागा मिळते. वर्षात एकदाच का होईना, गणपतीच्या पूजेलाही घरच्या तुळशीवाचून पूर्णता नाही.

गेल्या वर्षी आमच्या मुलीने विचारले, "बाबा, ही तुळस ग्वाल्हेरला कोणी आणली?" सिटी सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, गमल्यातल्या रोपासमोर उभी राहून विचारलेला हा प्रश्न आम्हाला वर्षभर पुरला. आम्ही काही इतिहासकार नाही. बांधकामाचा डिप्लोमा घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि मोजमापाच्या वह्यांत निम्मे आयुष्य गेले. पण जे वाचले, पाहिले आणि केले, ते या अंकाच्या निमित्ताने मंडळातल्या सर्वांसमोर ठेवत आहोत. त्यात एक गोष्ट आमच्या चुकीचीही आहे.

औषधाच्या पोथीत

तुळस ही देवघराच्या आधीपासून औषधाच्या पोथीत आहे की नंतर, हा वाद आम्ही करणार नाही. एवढे मात्र नक्की, की आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत 'सुरसा' या नावाने जी वनस्पती येते, तिला जाणकार तुळसच मानतात. चरकसंहितेत ती खोकला, उचकी, दमा आणि कुशीतले दुखणे यांवर सांगितली आहे. सुश्रुताने तर औषधींच्या एका अख्ख्या गणाला तिचेच नाव दिले, 'सुरसादि गण'. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात पांढरी आणि काळी अशा दोन्ही तुळशी गुणाने सारख्याच आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे. 'आमची कृष्णतुळस, तुमची साधी' असा मोठेपणा मिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नावांचा एक घोटाळा आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत फार होतो. इथला हिंदी माणूस हिरव्या पानांच्या नेहमीच्या तुळशीला 'राम तुलसी' म्हणतो. महाराष्ट्रात मात्र 'रामतुळस' म्हटले की बऱ्याच ठिकाणी वेगळेच, पुरुषभर उंच वाढणारे, मोठ्या पानांचे झुडूप समोर येते. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा तिसराच, तो तुळशीचा चुलतभाऊ. नागपूरच्या मावशीने सांगितलेला उपाय लष्करच्या काकूंनी भलत्याच पानांवर केला, असे आमच्याच घरात घडले आहे. नुकसान झाले नाही, गुणही आला नाही.

वास ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या तुळशीचे पान चुरगाळले की मागून लवंगेसारखा दरवळ येतो. त्याचे कारणही तसेच आहे. लवंगेत जे युजेनॉल नावाचे तेलद्रव्य असते, तेच बहुतेक तुळशींच्या पानांतही असते.

उपटून टाकायचा हुकूम

तुळशीच्या इतिहासातले आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारे पान गोव्याचे आहे. पोर्तुगीजांच्या राज्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. १४ एप्रिल १७३६ रोजी या न्यायालयाने एक लांबलचक हुकूमनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या घरांत जुने रीतिरिवाज अजून चालू आहेत, ते मोडावेत हा त्याचा हेतू होता. लग्नातली पानसुपारी, मिठावाचून शिजवलेला भात, पुरुषांचे धोतर अशा गोष्टी त्यात एकेक करून मना केल्या होत्या. आणि त्यातच एक कलम तुळशीचे होते. घरात, परसात, बागेत कुठेही तुळस लावू नये, असेल तर उपटून टाकावी. अनंत काकबा प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर जे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात हा हुकूमनामा वाचायला मिळतो.

विचार करा. एवढ्या मोठ्या सत्तेला, जिच्याकडे तोफा होत्या, गलबते होती, तुरुंग होते, तिला हातभर उंचीच्या एका रोपाविरुद्ध कलम लिहावे लागले. देवळे पाडून झाली होती, माणसांची नावे बदलून झाली होती, तरी परसातले रोप उरले होते. कारण देऊळ सरकारी माणसाला दिसते. परसात सकाळी कोण पाणी घालते, हे पाहायला त्याला प्रत्येक घरात शिरावे लागते.

हुकूमानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. गोव्यातले ते न्यायालय मात्र मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. आज गोव्यात जा. हिंदू घरापुढे वृंदावन आहेच. आणि ख्रिस्ती घरापुढच्या क्रुसाची चौथऱ्यावरची बैठक पाहिली, तर आपल्याला वृंदावनाचीच आठवण होते. कोणाला दुखावण्यासाठी हे लिहीत नाही. घरापुढे, उघड्या आभाळाखाली, एक पूजेची जागा असावी ही सवय धर्म बदलूनही गेली नाही, एवढेच आम्हाला त्यात दिसते.

गोव्यातून जी कोकणी कुटुंबे दक्षिणेत गेली, त्यांनी आपले वनस्पतींचे ज्ञान बरोबर नेले. कोचीनच्या डच अधिकारी व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रशस्तिपत्र नागरी लिपीतल्या कोकणीत त्या ग्रंथात छापलेले आहे. घर सुटले, गाव सुटले, पण कोणते पान कशाला लागते हे त्यांच्याजवळ राहिले. पुढे ग्वाल्हेरची गोष्ट सांगताना हे आम्हाला पुन्हा आठवणार आहे.

छावणीचे गाव झाले

आता आपल्या गावाकडे येऊ. दौलतराव शिंद्यांची फौज वर्षानुवर्षे फिरतीवर असे. त्यांच्या छावणीसोबत असलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ सालच्या मुक्कामांची पत्रे लिहिली आणि ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. त्यात दिसते ते चालते शहर आहे. तंबूंच्या रांगा, बाजार, जनावरे, सणवार, भांडणे, सगळे काही आज इथे आणि उद्या तिथे. १८१० मध्ये ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला उतरली आणि मग उठलीच नाही. म्हणून त्या वस्तीचे नाव पडले 'लष्कर'. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज या फौजेबरोबर किंवा तिच्या मागोमाग आले. कोणी शिलेदार, कोणी चिटणिशीतले कारकून, कोणी वैद्य, भिक्षुक, कीर्तनकार, आचारी.

चिटणीसांची गोठ, आपट्यांची पायगा, आंग्र्यांचा बाडा, खासगी बाजार, ढोलीबुवांचा पूल. ही नावे आज रिक्षावालाही घेतो, पण ती आपल्या छावणीच्या आणि वाड्यांच्या खुणा आहेत. खासगी बाजारावरून पुण्याची आठवण होते. तिथली तुळशीबाग आज खरेदीसाठी प्रसिद्ध असली, तरी पेशवाईत ती खरोखर खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती. तिथे राममंदिर उभारणाऱ्या नारो अप्पाजी खिऱ्यांचे आडनावच तुळशीबागवाले पडले. पूजेला लागणाऱ्या एका रोपाने माणसाला आडनाव दिले आणि शहराला बाजार दिला.

तंबूपुढे कोणी दगडी वृंदावन बांधत नाही. फार तर एखादी कुंडी गाडीवर चढते. लष्करात पहिले वृंदावन कोणाच्या अंगणात उभे राहिले, हे कुठे लिहिलेले नाही. पण ज्या घराने ते बांधले, त्याने मनाशी ठरवले होते की आता परत जायचे नाही. आमच्या मते लष्करच्या वस्तीचा पाया त्या दिवशी पक्का झाला. राजवाडे पुढे झाले. जयविलास १८७४ चा. तोवर वाड्यांच्या चौकांत तुळशीच्या पिढ्या होऊन गेल्या असतील.

आमचा वाडा महाराज बाड्याच्या मागच्या एका गल्लीत होता. चौकाच्या मधोमध ग्वाल्हेरी दगडाचे वृंदावन होते, अडीच फूट लांब, तेवढेच रुंद आणि तीन फूट उंच. चारी बाजूंना दिव्याचे कोनाडे होते. आजी पहाटे चूळ भरून आधी तिथे जायची. पाणी घालायची, वाळलेली पाने काढायची, मंजिऱ्या खुडायची आणि पदरात आठदहा पाने घेऊन स्वयंपाकघरात शिरायची. ती पूजा करत होती की बागकाम, हे आम्हाला लहानपणी कळत नसे. आता वाटते, तिलाही ते दोन वेगळे वाटत नसावे. घरात कोणाला खोकला झाला की तिला वेगळे औषध शोधावे लागत नसे.

राणीच्या बागेची गोष्ट

तुळशीचे कौतुक साहेबानेही केले आहे. मुंबईची व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. तिच्या उभारणीशी संबंधित असलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून एक आठवण सांगितली. बागेचे काम चालू असताना माणसे डासांनी बेजार झाली होती. तेव्हा तिथल्या हिंदू व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून बागेच्या सगळ्या हद्दीवर तुळस लावली आणि डासांचा व तापाचा त्रास कमी झाला, असे त्यांनी लिहिले.

ही गोष्ट आपल्याकडे फार प्रेमाने सांगितली जाते. आम्हीही सांगत असू. पण नोकरीत मोजमाप करायची सवय लागल्यावर एक प्रश्न मनात येतो. बाग तयार होताना दलदल बुजवली जाते, पाण्याला वाट मिळते, मग डास कशाने कमी झाले? तुळशीने की निचऱ्याने? डासामुळेच मलेरिया पसरतो याचा उलगडा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत १८९७ मध्ये झाला, म्हणजे बाग झाल्यावर पस्तीस वर्षांनी. तुळशीच्या तेलाच्या वासाने डास थोडे दूर राहत असतील. पण गॅलरीत एक तुळस आहे म्हणून कूलरमधले पाणी आठवडाभर तसेच ठेवू नये. आपल्या ग्वाल्हेरला पावसाळ्यानंतर डेंग्यू दर वर्षी काय करतो, ते सर्वांनी पाहिले आहे.

अशीच दुसरी गोष्ट, तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते ही. मोबाईलवर ती महिन्यातून एकदा तरी येते. उजेड नसताना कोणतेही झाड आपल्यासारखाच श्वास घेते, तुळसही घेते. तिचा खरा गुण तिच्या पानांत आणि तेलात आहे. तो पुरेसा आहे, वर खोट्या गुणांची भर घालायची गरज नाही.

वृंदावनाचे काय झाले

आता आमच्या चुकीची गोष्ट. वाडा २००९ मध्ये विकला गेला. हिस्सेदार सात, छप्पर गळके, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. मराठीत 'घरावर तुळशीपत्र ठेवणे' असा वाक्प्रचार आहे. ज्यावर तुळशीपत्र ठेवले, ते आपले राहिले नाही. आम्ही ते अक्षरशः केले.

आईचे म्हणणे एवढेच होते, की वृंदावन बरोबर न्यायचे. आमचा फ्लॅट सिटी सेंटरला तिसऱ्या मजल्यावर. आम्ही कागदावर हिशेब केला. दगड आणि ओली माती मिळून वजन हजार किलोच्या आसपास. घराच्या गॅलरीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण तीनशे किलो भार धरून आखतात. वृंदावनाच्या तळाएवढ्या जागेवर पावणेदोनशे किलो चालले असते. त्या जागी हजार किलो ठेवणे म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या जिवाशी खेळ. हिशेब बरोबर होता. आजही बरोबर आहे.

चूक त्याच्या पुढची आहे. आम्ही आईला सांगितले, "वृंदावन देवळात देतो." आणि दिले नाही. गाडी पाहायची, माणसे लावायची, तेवढ्यात मार्चअखेर आली, कार्यालयात कामे तुंबली. एका सकाळी वाड्यावर गेलो तेव्हा ठेकेदाराची माणसे वृंदावनाचे दगड फोडून पायाच्या भरावात टाकत होती. आम्ही तिथेच उभे होतो. जन्मभर भराव मोजण्याचेच काम केले. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. एका घमेल्यात तिथली माती आणि वाळलेल्या मंजिऱ्या घेतल्या आणि परत आलो. आईला म्हटले, "देवळात पोहोचले."

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटले, आई हा अंक वाचणार, तिला आधी सांगायला हवे. परवा सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अरे, मला तेव्हाच कळलं होतं. देवळातल्या काकूंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, असं काही आलंच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माती आणलीस ना, ते बरं केलंस." पंधरासोळा वर्षे तिने हे मनात ठेवले होते.

ग्वाल्हेरच्या हवेत तुळस

माती आणली, पण तुळस लगेच जगली नाही. पहिली तीन वर्षे आषाढात रोप आणायचे, कार्तिकात लग्न लावायचे आणि जानेवारीत वाळलेली काडी फेकायची, असा आमचा क्रम होता. देवाची तुळस होती, पण ती भाड्याने राहिल्यासारखी. मग आईने एकदा विचारले, "मंजिऱ्या शेवटच्या कधी खुडल्यास?" उत्तर नव्हते. तेव्हापासून आई सांगत गेली आणि आम्ही करत गेलो. त्यातून जे शिकलो ते इथे देतो. महाराष्ट्रातले पुस्तकी सल्ले आपल्या हवेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जानेवारीत दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो.

बी पेरायचे ते पावसाच्या तोंडावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तपकिरी झालेली मंजिरी तळहातावर चोळली की बारीक बी निघते. ते मातीवर पसरून वर चिमूटभर बारीक माती भुरभुरवायची. खोल गाडले तर उगवत नाही. आठ ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. चार-सहा पाने झाली की रोपे वेगळी करायची. बोटभर लांबीची कोवळी फांदी, खालची पाने काढून पाण्यात ठेवली तर तिलाही मुळे फुटतात.

गमला निदान बारा इंची आणि मातीचा असावा. बाजारात मिळणारी छोटी सिमेंटची वृंदावने दिसायला छान असतात, पण उन्हात तापतात आणि पुष्कळांच्या तळाला भोकच नसते. पाणी साचले की मुळे कुजतात. बागेची माती दोन भाग, जुने शेणखत एक भाग आणि वाळू एक भाग, हे मिश्रण आम्हाला मानवले. वरच्या मातीत बोट घालून ती कोरडी लागली तरच पाणी घालावे. पूजेचे दूध, तेल, हळदकुंकू रोपावर न घालता बाजूला ताम्हनात वाहावे. तेलाने आणि दुधाने मुंग्या व बुरशी येते. निरांजनही बुंध्यापासून वीतभर दूर असावे. तुळशीला याचा राग येणार नाही.

मंजिऱ्या खुडणे हे सर्वांत मोठे काम आहे. तुळशीला बी धरू दिले की तिचे काम संपले असे समजून ती म्हातारी होते. मंजिरी कोवळी असतानाच खुडली तर बाजूने फांद्या फुटतात आणि पाने येत राहतात. द्वादशीला, रविवारी आणि सूर्यास्तानंतर तुळस खुडू नये हा नियम आजी पाळायची. त्यामुळे रोपाला अधूनमधून विसावा मिळतो, हे आम्हाला गमल्यातल्या एकुलत्या एका रोपावरून कळले.

लू चालू झाली की दुपारच्या उन्हातून आडोशाला घ्यावे, सकाळचे चार-पाच तास ऊन पुरे. डिसेंबर-जानेवारीत धुके आणि गारठा असतो, तेव्हा संध्याकाळी भिंतीशी सरकवून वर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकावा आणि सकाळी काढावा. पाणी निम्म्यावर आणावे. पिठ्या ढेकूण लागला तर ओल्या फडक्याने पुसून कडुलिंबाच्या तेलाचे पाणी फवारावे. पाने पोटात जाणार आहेत, म्हणून दुकानातले कीटकनाशक नको. दोन-तीन वर्षांत खोड लाकडी होते. म्हणून शेजारी नवे रोप आधीच तयार असू द्यावे. आमची सध्याची तुळस घमेल्यातून आणलेल्या मंजिऱ्यांचीच वंशज आहे, असे आई म्हणते. मधली तीन वर्षांची विकत आणलेली रोपे आम्ही जमेस धरत नाही.

पूजा राहिली, वापर गेला

२०२० च्या मार्चमध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका घालून काढा घ्यावा असे सुचवले, तेव्हा आपल्या कित्येक घरांत तुळशीची पाने पाकिटातून विकत आणली गेली. गॅलरीत तुळस असून! पूजेच्या रोपाचे पान खायचे की नाही, हा प्रश्न एका सुशिक्षित बहिणीने आम्हाला फोनवर विचारला. आजीला हा प्रश्न कळलाच नसता. तिच्या हातात पूजा आणि औषध एकच होते. आपण पूजा ठेवली आणि वापर सोडला. ज्या रोपाचा रोज उपयोग नसतो, त्याच्याकडे रोज लक्षही जात नाही, आणि मग ते जानेवारीत वाळते.

आजीचा काढा साधा होता. सात-आठ पाने, बोटाच्या पेराएवढे आले, दोन मिरे, दीड कप पाणी. उकळून एक कप करायचा, गूळ घालायचा, कोमट प्यायचा. सर्दी-पडशाला आणि घसा धरला तर आराम पडतो. मात्र तिच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी, तसेच गरोदर बायकांनी, रोज काढा घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. तीन दिवसांवर ताप राहिला तर काढा बाजूला ठेवून रक्त तपासावे. आमखोला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथले वैद्यही हेच सांगतील.

पुन्हा छावणी?

आमची नोकरी बदलीची. मुरैना, शिवपुरी, दतिया असे मुक्काम झाले. आपल्या मुलांचे तर त्याहून पुढचे, पुणे, बंगळुरू, कॅनडा. कधी कधी वाटते, दोनशे वर्षांपूर्वी थांबलेली छावणी पुन्हा उठली आहे. लष्करचे वाडे विकले जात आहेत, पटेल नगर, कैलाश विहार, गोविंदपुरी इथे आपण फ्लॅटमध्ये उतरलो आहोत आणि मुले पुढच्या मुक्कामाला निघाली आहेत. याबद्दल रडण्यात अर्थ नाही. गोव्यातून निघालेल्या वैद्यांनी काय नेले होते? दगड नव्हे. पान ओळखण्याची नजर आणि रोज हात लावायची सवय. ती नेता येते, तिचे वजनही नाही.

दगडांबद्दल मात्र एक विनंती आहे. लष्करच्या जुन्या वाड्यांत अजून काही वृंदावने उभी आहेत. कोणाच्या चौकात, कोणाच्या परसात, काही गोडाऊनच्या मागे. आपल्या मंडळाने या वर्षी त्यांची यादी करावी. फोटो काढावा, माप घ्यावे, कोणत्या घराने बांधले ते विचारून लिहावे. मापे घ्यायला आम्ही येऊ, ते आमचे कामच आहे. वाडा विकायचा प्रसंग कोणावर आला, तर वृंदावन हलवायला गाडी आणि माणसे मंडळाने द्यावीत, आणि ते खरोखर देवळात पोहोचले की नाही हे दुसऱ्या कोणीतरी जाऊन पाहावे.

दुसरे छोटे काम. विसर्जनाच्या दिवशी प्रसादाबरोबर मंजिऱ्यांची पुडी द्यायचे आम्ही ठरवले आहे. आईने उन्हाळ्यापासून जमवून वाळवल्या आहेत. सध्या साठ पुड्या तयार आहेत. थंडीत पेरू नका, जूनपर्यंत काचेच्या बाटलीत कोरड्या ठेवा. ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी दोन घ्याव्यात. परदेशात बी नेण्याचे नियम असतात, ते आधी पाहावेत.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते सापडलेले नाही. तुळस ग्वाल्हेरला कोणी आणली? हिंदी घरांत ती आधीपासूनच असणार. आपल्या घरात ती कोणा एका सरदाराने आणली नाही, कोणा वैद्यानेही नाही. तिला रोज सकाळी पाणी घालणाऱ्या, जिचे नाव कुठल्याही दप्तरात नाही अशा कोणा आजीने ती आणली. मुलगी आता शाळेत जायच्या आधी गॅलरीत जाते. मंजिऱ्या खुडताना कधी कधी चांगली फांदीच तोडते. आई काही बोलत नाही, ती फांदी उचलून पाण्याच्या पेल्यात ठेवते.

गणपती बाप्पा मोरया!